हौशी रग्बी लीगचा गुणतक्ता बसमध्ये ठरतो

नॅशनल कॉन्फरन्स लीगचा तक्ता हातात आला की मी आधी परगावच्या सामन्यांचे निकाल वेगळे काढतो. घरच्या मैदानावर बहुतेक क्लब बरे खेळतात. कोणाची तालीम खरी आणि कोणाची नुसती हवा, हे परगावी गेल्यावर कळतं. त्यातही पहिला प्रश्न हा की बसमध्ये किती जण चढले.

इंग्लंडमधली हौशी रग्बी लीगची, म्हणजे तेरा जणांच्या रग्बीची, ही राष्ट्रीय स्पर्धा 1986 मध्ये सुरू झाली. 2012 मध्ये ती हिवाळ्यातून उन्हाळ्यात आली. उन्हाळी हंगाम रुळल्यावर तिच्या चार पायऱ्या होत्या: प्रीमियर आणि तिच्याखाली पहिला, दुसरा, तिसरा विभाग. क्लब जवळजवळ सगळे उत्तरेतले, आणि कुठून उगवले ते नावातच दिसतं. ली माइनर्स रेंजर्स खाणकामगारांचा, हल डॉकर्स गोदीतल्यांचा. सेंट हेलेन्सचा पिल्किंग्टन रेक्स काचेच्या कारखान्यातला, वॉरिंग्टनचा क्रॉसफील्ड्स साबणाच्या. विगन सेंट पॅट्रिक्स चर्चच्या आसऱ्याने वाढला. ब्रिटनकडून खेळलेले शॉन एडवर्ड्स आणि अँडी ग्रेगरी तिथूनच पुढे गेले.

आता नकाशा बघा. वॉथ ब्रो हॉर्नेट्स, एग्रेमंट रेंजर्स आणि केल्स हे पश्चिम कम्ब्रियातले, आयरिश समुद्राच्या काठाजवळचे. वेस्ट हल आणि स्कर्ला पार पूर्वेकडच्या टोकाला. मधे पेनाइन डोंगर. एका बाजूचाच प्रवास अडीचशे किलोमीटरहून बराच जास्त, बसने चार तास धरून चला. सामना शनिवारी दुपारी, म्हणजे निघायचं सकाळी लवकर आणि परतायचं रात्री. खेळाडू आठवडाभर नोकरी करणारे. एग्रेमंटच्या आसपास सेलाफील्ड अणुप्रकल्पात पाळीचं काम करणारे पुष्कळ. शनिवारची पाळी लागली की तो गडी गेलाच. उन्हाळ्यात वर लग्नं, सुट्ट्या आणि क्रिकेट. गोठलेल्या, चिखलाने भरलेल्या मैदानांपायी सामने रद्द होत, म्हणून हंगाम हलवला. ते दुखणं बरंच कमी झालं, पण माणसं जमवण्याचं वाढलं. तरी माझ्या मते निर्णय बरोबरच होता.

संघ तेरा जणांचा, चार राखीव, एकूण सतरा. राखीव चौघांत साधारणपणे दोन प्रॉप (पुढच्या फळीतले धिप्पाड गडी), एक दुसऱ्या फळीतला आणि एक हूकरची, म्हणजे खाली पडलेला चेंडू उचलून खेळ पुढे नेणाऱ्याची, जागा भरून काढणारा असतो. पंधराच आले तर पहिली कात्री लागते ती प्रॉपवर, कारण धिप्पाड आणि पळणारी माणसं कुठल्याच क्लबात जास्त नसतात. मग दुसऱ्या फळीतला पुढे सरकतो, मागच्या फळीतला सेंटर त्याच्या जागी येतो, सेंटरच्या जागी आणखी कोणी, आणि तीन जागांवर तिघेही उपरे.

याचा परिणाम लगेच दिसत नाही. पहिली वीस-पंचवीस मिनिटं उत्साहात निघून जातात. खरी गोम बचावात आहे. दर टॅकलनंतर, म्हणजे चेंडूवाल्याला पाडल्यावर, बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे जावं लागतं. दोन मार्कर चेंडूसमोर थांबतात, फुलबॅक मागे असतो. उरलेल्या दहांनी 68 मीटर रुंदीचं मैदान झाकायचं. एका सेटमध्ये, म्हणजे समोरच्याकडे चेंडू असतो त्या एका डावात, सहा टॅकल, म्हणजे पुन्हा पुन्हा मागे धावा, वळा, पुढे या. प्रॉपला बदली मिळाली तर तो वीस-पंचवीस मिनिटं जीव तोडून खेळतो, बसतो, ताजा होऊन परत येतो. बदली नसेल तर साठाव्या मिनिटाच्या सुमाराला तो दहाऐवजी आठच मीटर मागे जातो. पंच शिट्टी वाजवतो, पेनल्टी जाते, समोरच्याला नव्याने सहा टॅकल मिळतात. दमलेल्या माणसाला आणखी बचाव. इथून सामना घसरत जातो.

दमल्यावर उघडी पडणारी दुसरी जागा मार्करची. तो टॅकल करून उठायला अर्धा सेकंद जरी उशीर करू लागला तरी हूकर चेंडू उचलून सरळ त्याच्या बगलेतून निघतो. एका हल्ल्यात वीस मीटर. मध्यंतराला 12-10 असलेला सामना 40-14 ला संपतो तो बहुतेकदा असा. अशा निकालाला लोक ‘दुसऱ्या सत्रात मन खचलं’ म्हणतात. मन बिचारं शेवटी खचतं, आधी पाय जातात.

म्हणून ‘अ’ संघ सांभाळणारे क्लब वर टिकतात. हा दुसरा संघ प्रादेशिक लीगमध्ये खेळतो आणि पहिल्या संघात भोक पडलं की तिथून माणूस येतो. पण दोन्ही संघ एकाच शनिवारी परगावी असतील तर चौतीस जण लागतात. तेवढे नसले की ‘अ’ संघाचा सामना सोडला जातो, मग त्या पोरांना वाटतं आपण नुसते भरतीचे, आणि पुढच्या हंगामात ती सरावालाच येत नाहीत.

यात डोक्याच्या दुखापतीचा हिशोब वेगळा धरावा लागतो. ब्रिटनच्या 2023 च्या हौशी खेळांसाठीच्या मार्गदर्शनानुसार कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का) झालेला खेळाडू किमान 21 दिवस सामना खेळत नाही. नियम योग्यच. पण क्लबच्या दृष्टीने एका टॅकलमागे माणूस दोन-तीन शनिवार गेला, आणि हे व्यवस्थापकाने मार्चमध्येच गृहीत धरायला हवं. सतरा जणांसाठी सतराचीच यादी करणारा क्लब जूनमध्ये अडकतो. तीस-बत्तीस नावं हवीत.

एखाद्या दिवसाचा पराक्रम निराळा. 1995-96 च्या चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत वेस्ट हलने हायफील्ड आणि यॉर्क या दोन व्यावसायिक क्लबांना हरवलं. कपच्या सामन्याला सगळे हजर असतात. पाळी बदलून घेतात, लग्नालाही दांडी मारतात. लीगचा जुलैमधला, पाऊस पडणारा, चार तास लांबचा शनिवार मात्र कोणाच्या भिंतीवर फोटोत लागत नाही.

तेव्हा एखादा क्लब बढतीच्या लायकीचा आहे का हे पाहायचं तर परगावच्या सामन्यांत शेवटच्या वीस मिनिटांत त्यांनी किती ट्राय (रेषेपलीकडे चेंडू टेकवून केलेले गोल) दिले ते मोजा. बरोबर त्यांच्या राखीव बाकावर किती नावं होती तेही बघा. दोन आकडे शेजारी ठेवले की बहुतेक वेळा प्रशिक्षकाला विचारायची गरज उरत नाही.