हात परत येईपर्यंत

माणसं एका जागी ठरत नाहीत, ही रस्त्यावर बसून स्केच करणाऱ्यांची कायमची तक्रार. चहा पिणाऱ्याचा कप संपतो, बसची वाट बघणाऱ्याची बस येते (हे दुसरं आमच्याकडे क्वचित घडतं, म्हणून सरावाला बसस्टॉप बरा), आणि आपल्या वहीत एक कान, अर्धी मिशी आणि शर्टाची कॉलर तेवढी उरते.

यावर माझ्यापुरता तोडगा एकच: कामात असलेला माणूस शोधायचा. रिकामा माणूस कधी कुठे वळेल, सांगता येत नाही. काम करणारा मात्र फिरून फिरून त्याच जागी येतो. भाकरी थापणाऱ्या बाईचा तळवा परातीत पडतो, उचलला जातो, पुन्हा तिथेच पडतो. आपण पेन्सिल धरून तो परत येईपर्यंत थांबायचं. पहिल्या फेरीत खांद्याची रेघ, दुसऱ्या फेरीत कोपर. बोटं नशिबात असली तर जमतात.

या हिशेबानं सोलापूरइतकं सोयीचं गाव मला ठाऊक नाही. पूर्व भागात शिरलं की यंत्रमागांची खडखड आधी कानावर येते आणि मग दारादारांत विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. भिजवलेलं तेंदूचं पान मापानं कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा. हे सगळं बोलता बोलता, तेलुगूत, शेजारणीकडे बघत. हाताकडे बघायची गरजच नाही. ती बोटं कागदावर पकडायच्या भानगडीत मी पडत नाही, तिथं चार पुसट रेघा सोडून देतो. पण मान, गुडघ्याचा कोन आणि पाठीचा बाक तासभर जागचे हलत नाहीत. तो बाक एका दमात, एका रेघेत काढता येतो. वहीत ती रेघ फार देखणी उतरते आणि मग जरा ओशाळायला होतं, कारण ती कुणाची तरी दुखरी पाठ असते.

मागावरचा कामगार त्या मानानं अवघड. तो एकाच वेळी अनेक माग बघतो, तुटलेला धागा सांधतो आणि पुढच्या मागाकडे जातो. आडवा धागा नेणारा धोटा तर डोळ्यालाच दिसत नाही. अशा वेळी मी जकार्डवरच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रावरच्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ काढत बसतो. जकार्डच्या चादरीवरचं फूल किंवा मोर आधी बारीक चौकटींच्या कागदावर रंगवतात, चौकटींचा हिशेब थेट धाग्यांशी. अख्ख्या देशानं पांघरलेली ही चित्रं आमच्या गावात काढली गेली, आणि त्यांवर कुणाची सही नसते.

गॅब्रिएल कॅम्पनारिओ या सिएटलच्या पत्रकार-चित्रकारानं २००७ मध्ये ‘अर्बन स्केचर्स’ हा गट सुरू केला. त्यांचा पहिला नियम असा की जागेवर बसून, डोळ्यांना दिसतं तेच काढायचं. नियम मला मान्य आहे. फक्त तो करताना सोलापूरचा मे महिना कुणाच्या डोक्यात नसावा. ओल्या कागदावर ओला रंग सोडून आकाश पसरू देतात ना, ते इथं विसरायचं. ब्रश डबीतून कागदापर्यंत जाईस्तोवर कागद कोरडा ठक्क. शिवाय दुपारी सावल्या पायाखाली जातात आणि सावली नसली की भुईकोट किल्ल्याचा भक्कम बुरूजसुद्धा सपाट दिसतो. म्हणून सिद्धेश्वर तलाव सकाळी लवकर. पाण्यातलं देऊळ आणि काठावरची झाडं, एवढ्यात पान भरतं.

गर्दीचं तंत्र आणखी निराळं. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, सात नंदीध्वजांची (उंच, सजवलेल्या काठ्यांची) मिरवणूक निघते तेव्हा कुणाही एकाला पूर्ण काढणं अशक्य. मग एकाचा फेटा, दुसऱ्याचे खांदे, तिसऱ्याचं धोतर. असा तयार झालेला गृहस्थ सोलापुरात कुठल्याच पेठेत राहत नाही, पण बघणारे हटकून त्याला ओळखतात. ‘हे आमच्या गल्लीतले काका’ हे मी वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या लोकांकडून ऐकलंय.

बघणारे तर असतातच. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी, सगळ्या भाषांत सल्ला मिळतो. वही बघून पहिला प्रश्न मात्र बहुतेकदा चित्राचा नसतो. “सर्व्हे करालाव का? रस्ता रुंद होणारे काय?” नाही म्हटलं तरी विश्वास बसत नाही. एका आजोबांनी तर आपल्या कट्ट्याची हद्द मला पावलांनी मोजून दाखवली.

सगळ्यात कडक परीक्षा विडीवाल्या अक्कांची. एकदा चित्र पुरं करून मी वही त्यांच्यापुढे धरली. चेहरा जमलाय की नाही, याकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. त्यांची नजर सुपावर गेली.

“पानं एवढीच?” त्या म्हणाल्या. “एवढ्यात हजार कसं होईल?”

मजुरी हजार विड्यांवर मिळते, हे मला माहीत होतं. चित्रातही हजार भरायला हवेत, हे सुचलं नव्हतं. मी तिथंच बसून पानांची चळत वाढवली. अक्कांनी पुन्हा एकदा वही ओढून घेतली आणि तंबाखूही थोडी जास्त दाखवायला सांगितली.