तुम्ही विचारलेत म्हणून: न बदललेला कोड बिघडतो कसा?

‘पोस्टग्रेस हा डेटाबेस १९९६ पासून पोस्टग्रेएसक्यूएल या नावाने उपलब्ध आहे, जगभर चालतो आहे, मग तो अमुक मशीनवर कंपाइल होत नाही म्हणून दुरुस्त करण्यासारखे तुम्हाला सतत काय सापडते? जो कोड कोणी बदललाच नाही, तो बिघडतो कसा?’ हा प्रश्न मला बहुधा अशी माणसे विचारतात ज्यांच्या हाती डेटाबेस तयार पॅकेजच्या रूपात पोहोचतो आणि एका आज्ञेसरशी चालू होतो. माझा बराचसा वेळ ते पॅकेज तयार होण्याच्या अलीकडे जातो. मुक्तस्रोत डेटाबेस आणि त्यांची एक्स्टेंशने (जोड-प्रोग्राम) निरनिराळे कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत आणणारे प्रोग्राम), निरनिराळ्या लायब्ररी (तयार कोडचे संच) आणि निरनिराळ्या प्रोसेसरवर बांधून पाहणे, जिथे बांधणी अडते तिथे पॅच, म्हणजे दुरुस्तीचा बदल, लिहिणे आणि तो मूळ प्रकल्पाकडे पाठवणे, असे ते काम आहे. एकदा नीट उत्तर द्यावे असे बरेच दिवस मनात होते.

कोड बदलला नाही हे खरे, पण तो ज्यांच्या भरवशावर उभा असतो ते बदलत राहतात. सी भाषेतल्या प्रोग्रामात लेखकाने लिहिलेल्या गोष्टी असतात, तशा न लिहिता गृहीत धरलेल्याही असतात. कंपायलर अमुक चूक पोटात घालील, अमुक हेडर (कोडमधली नावे आधी जाहीर करणारी फाइल) अमुक नाव पुरवील, बाइट अमुक रीतीने वाचला जाईल, ही सारी गृहीतके वर्षानुवर्षे खरी ठरत गेली की ती गृहीतके होती याचाच विसर पडतो. पुढे एखादे वर्ष असे उजाडते की त्यातले एक खोटे ठरते. मी जे दुरुस्त करतो ते बहुतेक वेळा हे असते. नव्या मशीनचा दोष क्वचितच निघतो.

कंपायलरचे उदाहरण घ्या. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या, जीसीसी या कंपायलरच्या १५ व्या आवृत्तीने काहीही न सांगितल्यास सी भाषेचे २०२३ चे प्रमाण धरायला सुरुवात केली आणि त्या प्रमाणात ‘बूल’ (खरे-खोटे सांगणारा प्रकार) हा भाषेतलाच राखीव शब्द झाला आहे. पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपर्यंतच्या मुख्य हेडरमध्ये अशी तजवीज होती: ‘बूल’ नावाचा मॅक्रो (कंपाइल होण्याआधी ज्याच्या जागी दुसरा मजकूर घातला जातो असे टोपणनाव) नसेल, तर एका बाइटचा प्रकार घेऊन त्याला ते नाव द्यावे. जुन्या काळात हे शहाणपणाचेच होते. पण राखीव शब्द म्हणजे मॅक्रो नव्हे. त्यामुळे प्रीप्रोसेसर, म्हणजे आधी मॅक्रो उलगडणारा भाग, सांगतो की असा मॅक्रो नाही, हेडर ते नाव द्यायला जाते आणि पुढच्याच क्षणी कंपायलर म्हणतो की हा शब्द तर माझा आहे. या एका ओळीपायी शेकडो फायलींमध्ये तीच त्रुटी छापली जाते आणि पाहणाऱ्याला वाटते की सगळा प्रकल्पच मोडला. ११ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस प्रमाण हेडरमधलाच ‘बूल’ वापरू लागला होता, म्हणून नव्या आवृत्त्या या फेऱ्यातून सुटल्या. मात्र त्या काळची सवय ज्यांनी जशीच्या तशी उचलली अशी एक्स्टेंशने आजही अडकतात. ज्याला जुनी आवृत्ती फक्त एकदा बांधून तीतला डेटा बाहेर काढायचा आहे, त्याने कंपायलरला २०१७ चे प्रमाण धरायला सांगावे आणि मोकळे व्हावे. ज्याला ते एक्स्टेंशन पुढे सांभाळायचे आहे, त्याने मात्र हा पर्याय घेऊ नये.

तरी ही त्रुटी प्रामाणिक म्हणायची, कारण ती ओरडून सांगते. त्याआधीच्या वर्षी, म्हणजे मे २०२४ मध्ये, जीसीसी १४ आले तेव्हाचा प्रकार अधिक कावेबाज होता. न जाहीर केलेले फंक्शन वापरणे ही तोवर नुसती ताकीद मिळण्याजोगी बाब होती. तिथून पुढे ती त्रुटी ठरली. क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या १६ व्या आवृत्तीने हे २०२३ मध्येच केले होते. यात वाईट काहीच नाही, उलट हे फार आधी व्हायला हवे होते असे माझे मत आहे. पेच पडतो तो ‘कॉन्फिगर’ या स्क्रिप्टमध्ये. बांधणीच्या आधी ही स्क्रिप्ट चार-सहा ओळींचे छोटे प्रोग्राम कंपाइल करून पाहते आणि त्यावरून या प्रणालीत अमुक फंक्शन आहे की नाही ते ठरवते. जुन्या स्क्रिप्टमधले हे छोटे प्रोग्राम अनेकदा आवश्यक हेडर न घेताच लिहिलेले असतात. नव्या कंपायलरखाली ते कंपाइल होत नाहीत, तेव्हा स्क्रिप्ट निष्कर्ष काढते की ते फंक्शन इथे नाही, आणि पुढची बांधणी त्या सोयीशिवाय मुकाट्याने पूर्ण होते. कुठेही लाल अक्षर नाही, पॅकेज तयार, चाचण्याही बऱ्याचदा पास. फक्त जी गोष्ट प्रणाली उत्तम रीतीने करू शकली असती ती आता डेटाबेसचा पर्यायी, दुय्यम कोड करत असतो. म्हणून नवा कंपायलर आला की मी त्रुटी शोधण्याआधी ‘कॉन्फिगर’च्या निष्कर्षांची जुनी आणि नवी नोंद शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहतो. काल ‘होय’ असलेले आज ‘नाही’ झाले असेल, तर प्रणालीतून ते फंक्शन खरोखर गेले असण्याची शक्यता फारच थोडी असते.

लायब्ररींच्या तक्रारी त्या मानाने सरळ असतात. २०२० च्या अखेरीस आलेल्या, आयसीयू या युनिकोड हाताळणाऱ्या लायब्ररीच्या ६८ व्या आवृत्तीने ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे मोठ्या अक्षरांतले मॅक्रो आपल्या हेडरमधून काढले आणि ते तिथून आयतेच मिळतात म्हणून वापरणारे कितीतरी प्रकल्प उघडे पडले. पोस्टग्रेसच्या मजकुराचा क्रम लावणाऱ्या कोडमध्येही एक-दोन ठिकाणी ते होते. लिबएक्सएमएल२ या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीच्या २.१२ ने एका कॉलबॅकच्या (लायब्ररीने उलट बोलावायच्या फंक्शनच्या) पॅरामीटरला ‘कॉन्स्ट’ (न बदलण्याजोगा) जोडले आणि बांधणी तिथे अडली. असे पॅच दहा ओळींत होतात. खबरदारी एवढीच घ्यायची की जुन्या लायब्ररीवरची बांधणी त्याच पॅचने मोडता कामा नये, कारण पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते आणि दुरुस्ती त्या सगळ्यांत मागेपर्यंत न्यावी लागते.

आता ज्या गोष्टीपायी मी हे काम गांभीर्याने घेतो तिच्याकडे येतो. सीमधला ‘कॅर’ हा एका बाइटचा प्रकार ऋण संख्या धरतो की नाही, हे भाषेच्या प्रमाणाने मुद्दामच मोकळे सोडले आहे. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरवर तो ऋण संख्या धरतो. एआरएमवरच्या लिनक्समध्ये धरत नाही. अॅपलने आपल्या एआरएम मशीनवर पुन्हा तो धरेल असे ठरवले. इंग्रजी मजकुराला याची झळ लागत नाही, कारण त्याचे सगळे बाइट १२७ च्या आत असतात. देवनागरीचे तसे नाही. यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत ‘म’ हे अक्षर २२४, १६४, १७४ अशा तीन बाइटांनी लिहिले जाते आणि इंटेलवरचा ‘कॅर’ तेच तीन बाइट उणे ३२, उणे ९२, उणे ८२ असे वाचतो. असा उणे आकडा, हे चिन्ह अक्षर आहे का असे विचारणाऱ्या प्रमाण फंक्शनला दिला तर काय व्हावे याची प्रमाण कसलीही हमी देत नाही. लिनक्सची ग्लिबसी ही मूळ सी लायब्ररी अशा वेळी सांभाळून घेते, म्हणून चूक वर्षानुवर्षे झाकलेली राहते. पोस्टग्रेसच्या कोडमध्ये या फंक्शनांना बाइट देण्याआधी तो ‘अनसाइन्ड’, म्हणजे ऋण संख्या न धरणारा, करून घेतलेला दिसेल, तो याचसाठी.

एवढी काळजी घेऊनही एक जागा निसटली होती. ‘पीजी_टीआरजीएम’ हे पोस्टग्रेससोबत येणारे एक्स्टेंशन शब्दांचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे (ट्रायग्रॅम) करून शोधाला मदत करणारा इंडेक्स, म्हणजे नोंदींची सूची, बनवते. देवनागरीतली तीन अक्षरे नऊ बाइट घेतात, तीन बाइटांच्या जागेत ती मावत नाहीत, म्हणून त्यांच्याऐवजी एका चेकसमचे (त्या बाइटांवरून काढलेल्या आकड्याचे) तीन बाइट ठेवले जातात आणि हे तुकडे क्रमाने लावून इंडेक्समध्ये साठवले जातात. हा क्रम लावताना तुलना होत होती ती साध्या ‘कॅर’ची. एका प्रकारच्या मशीनवर प्राथमिक सर्व्हर आणि दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर त्याची बाइटशः नक्कल, अशी मांडणी केली की इंडेक्स एका क्रमाने लिहिला जाई आणि दुसऱ्या क्रमाने वाचला जाई. नोंद टेबलात असे, पण इंडेक्समधून शोधल्यास सापडत नसे. दोन्हीकडे बांधणी निर्दोष, एकही ताकीद नाही, आणि इंग्रजी मजकुरावरच्या चाचण्यांत काहीच दिसण्यासारखे नाही. क्लाउडवर एआरएम सर्व्हर स्वस्त मिळू लागल्यापासून अशी मिश्र मांडणी ही काल्पनिक गोष्ट राहिलेली नाही. दुरुस्ती करतानाही सरसकट ‘अनसाइन्ड’ म्हणून चालण्यासारखे नव्हते, कारण जगभरच्या इंटेल मशीनवर आधीच तयार असलेले इंडेक्स त्याने चुकीचे ठरले असते. अखेर २०२५ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीत डेटाबेसच्या नियंत्रण फायलीतच ‘कॅर’ कोणत्या जातीचा धरायचा याची नोंद ठेवली जाऊ लागली आणि ट्रायग्रॅमची तुलना त्या नोंदीप्रमाणे होऊ लागली. इतर सॉफ्टवेअर आणि डेटाबेस यांत फरक पडतो तो इथे. संपादक किंवा खेळ चुकला तर बंद करून पुन्हा चालू करता येतो. डेटाबेसने गृहीतक डिस्कवर लिहून ठेवलेले असते आणि कोड सुधारला तरी ते तिथेच राहते.

ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लिबसी २.२८ ने अक्षरांच्या क्रमवारीचे कोष्टक बदलले, तेव्हाही हेच झाले. लोकांनी फक्त लिनक्स अद्ययावत केले, डेटाबेसला हातही लावला नाही; तरी मजकुरावरचे जुने इंडेक्स नव्या क्रमाशी विसंगत ठरले, शोध फसले आणि ‘युनिक’ असलेल्या रकान्यांत दुहेरी नोंदी शिरू शकल्या. इलाज म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणे. १७ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसने प्रणालीवर अवलंबून नसलेला स्वतःचा क्रमही देऊ केला आहे, पण तो युनिकोडच्या क्रमांकांनुसार लागतो. त्यात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येते, वर्णमालेत ते ‘ह’च्या पुढे असले तरी. मतदारयादी किंवा शब्दकोश छापणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

मग हे पकडायचे कसे? पोस्टग्रेसकडे २००४ पासून ‘बिल्डफार्म’ आहे: स्वयंसेवकांनी आपापल्या घरी-कार्यालयांत चालवलेली नाना जातींची मशीन, प्रत्येकाला एखाद्या प्राण्याचे नाव, आणि नवा बदल आला की प्रत्येक मशीन तो बांधून, चाचण्या चालवून निकाल कळवते. माझ्या अनुभवात यातली सर्वांत उपयोगी मशीन ती असतात जी कोणीच प्रत्यक्ष कामाला वापरत नाही. बाइटांचा क्रम उलटा असलेले, किंवा बिनजुळणीचा (डेटाच्या आकाराच्या पटीत नसलेला) स्मृतीतला पत्ता वाचताच प्रोग्राम पाडणारे मशीन अशा चुका दाखवते ज्या इंटेल खपवून घेते आणि उद्याचा कंपायलर कदाचित खपवून घेणार नाही. इम्युलेटरवर, म्हणजे एका मशीनवर दुसऱ्याची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, यातले बरेच तपासता येते, पण दोन प्रोसेसरांनी एकाच स्मृतीत लिहिण्याचा क्रम कसा दिसतो हे त्यावर भरवशाने कळत नाही. तिथे खरे लोखंडच लागते.

याचा अर्थ प्रत्येक मशीन कायम सांभाळावे असा मात्र मी धरत नाही. २०२४ च्या १७ व्या आवृत्तीतून एआयएक्स या आयबीएमच्या युनिक्स प्रणालीचा आधार काढला गेला, तेव्हा अनेकांना वाईट वाटले. पुढे आयबीएमच्या बाजूने तो परत आणण्यासाठी पॅचही आले. तिथे स्ट्रक्चरमधल्या ‘डबल’ची (आठ बाइटांच्या अपूर्णांकी संख्येची) जुळणी चार बाइटांवर आणि त्याच आकाराच्या पूर्णांकाची आठ बाइटांवर होते, आणि त्या एका कारणाने कॅटलॉगची (डेटाबेसच्या स्वतःच्या अंतर्गत टेबलांची) रचना करणाऱ्या प्रत्येकाला रकान्यांचा क्रम जपून ठेवावा लागे. जे मशीन सगळ्यांचा कोड सुधारते ते ठेवावे आणि जे केवळ स्वतःच्या लहरी सांभाळायला लावते ते त्याच्या मालकाने माणसे आणि मशीन पुरवली तरच ठेवावे, असे माझे मत आहे आणि ते सर्वांना पटत नाही याचीही मला कल्पना आहे.

पॅच पाठवणाऱ्यांपैकी बरेच जण मला एका ठिकाणी अडखळताना दिसतात. कंपायलर तक्रार करतो, म्हणून तिथे जबरीने प्रकार बदलून तक्रार बंद केली जाते, पण तिच्यामागची चूक तशीच राहते. दोन पूर्णांकांची बेरीज त्यांच्यापैकी एकापेक्षा लहान आली तर ओव्हरफ्लो झाला, म्हणजे संख्या आपल्या जागेत मावली नाही, ही जुनी तपासणी पाहा. चिन्हांकित (ऋणही होऊ शकणारे) पूर्णांक ओव्हरफ्लो होतच नाहीत असे मानायची मुभा प्रमाण देते, म्हणून कंपायलर ती तपासणीच उडवून टाकू शकतो. पोस्टग्रेस ‘एफरॅपव्ही’ हा पर्याय देऊन त्याला यापासून रोखतो आणि नव्या कोडसाठी ओव्हरफ्लो तपासणारी वेगळी फंक्शनेही त्याच्याकडे आहेत. ताकीद गप्प करणारा पॅच मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) परत पाठवतो तो त्यामुळेच. दुसरी बाब म्हणजे प्रणालीचे नाव विचारून फाटे फोडू नयेत. ‘हे सोलारिस (एक युनिक्स प्रणाली) असेल तर’ असे लिहिण्यापेक्षा ‘हे फंक्शन असेल तर’ असे लिहिलेले टिकते, कारण पुढच्या वर्षी सोलारिसमध्येही ते फंक्शन आलेले असू शकते.

आणि तुमच्याच मशीनवर बांधणी अडली तर मला शेवटची त्रुटी पाठवू नका, पहिली पाठवा. नंतरच्या शंभर बहुतेक तिच्यातूनच निघालेल्या असतात. सोबत कंपायलरची आवृत्ती, प्रोसेसरची जात आणि ‘कॉन्फिगर’ची लॉग फाइल जशी आहे तशी, संपूर्ण जोडा. पडद्याचा फोटो काढून पाठवण्याचे कष्ट घेऊ नका, कारण हवी असलेली ओळ तोवर नेमकी वर सरकून गेलेली असते.