आजीच्या मांडीवरचा एक्स-रे

"तुमची ती खेळण्यातली गाडी, बाळा. आमची एसटीच ही."

माथेरान स्टेशनच्या बाकावर शेजारी बसलेल्या आजी आज दुपारी म्हणाल्या. मांडीवर एक्स-रेचा मोठा पिवळा लिफाफा. कर्जतच्या डॉक्टरांकडून नुकत्याच शटलनं, म्हणजे अमन लॉज ते माथेरान धावणाऱ्या छोट्या गाडीनं, परत आल्या होत्या. समोर इंजिनापाशी फोटोंसाठी गर्दी. कुणाचा धक्का लागला की आजी दोन्ही हातांनी लिफाफा छातीशी धरायच्या.

मीही फोटोच काढत होते. मग फोन ठेवून दिला.

अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी नेरळपासून या छोट्या गाडीची २१ किलोमीटरची वाट बांधवली, वडिलांच्या पैशातून, तब्बल १६ लाख रुपये खर्चून. १९०७ साली गाडी वर आली. दोन रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट, म्हणूनच ती वळणं घेता येतात. हे सगळं मला पाठ होतं. पण दस्तुरी नाक्यापुढे मोटारगाड्यांना बंदी, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यांना नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनहून वर यायला ही शटल किती मोलाची, ते कधी मनातच आलं नव्हतं.

२००५ च्या जुलैतल्या पावसानं रूळ वाहून गेले. गाडी परत सुरू व्हायला २००७ उजाडलं.

"तेव्हा कसं करायचात?" मी विचारलं.

"चालायचो की. तेव्हा गुडघे होते."

स्टेशनवर आपल्यासाठी काय काय हवं, ते आपण पर्यटक हक्कानं सांगतो. आजींना काय हवं, ते कुणी विचारलं असेल का?