पोट फुगण्यामागची कारणं शोधताना: टेप, कुळीथ आणि कांद्याचं वाटण

सकाळी सपाट असलेलं पोट रात्री नाडी सैल करायला लावायचं, आणि हे आठवड्यातून चार-पाच दिवस. ओवा, हिंगाचं पाणी, सोडा सगळं करून झाल्यावर मी शिवणाची टेप काढली. सकाळी शौचानंतर आणि रात्री जेवणानंतर दोन तासांनी, उभं राहून, श्वास सोडून, बेंबीवरून माप घ्यायचं. पंधरा दिवसांच्या वहीत स्पष्ट दिसलं की काही दिवशी घेर खरोखर ४ सेंटिमीटर वाढतो, तर काही दिवशी पोट गच्च वाटतं पण माप जवळपास तेच. ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात बऱ्याचदा वायू किंवा साठलेला मळ असतो, दुसऱ्यात आतड्याला नेहमीचा वायूही जास्त जाणवतो. उपाय त्याप्रमाणे बदलतात.

खाण्यात काहीही बदलण्याआधी डॉक्टरकडे जायचं, हा क्रम सोडू नका. गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिअॅक आजाराची रक्ततपासणी चपाती चालू असतानाच करावी लागते. आधीच गहू बंद केला तर आजार असूनही ती निर्दोष येऊ शकते. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घेतलं, पोटाची सोनोग्राफीही केली. बायकांनी सोनोग्राफीत अंडाशय बघितलेत ना, हे विचारून घ्यावं. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं आणि न ओसरणारं पोट फुगणं हे अंडाशयाच्या कर्करोगाचं लक्षण असू शकतं. आपोआप वजन घटणं, शौचातून रक्त, वारंवार उलट्या, ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं यातलं काही असेल तर पुढचं काहीही घरी करत बसू नये. चालू असलेल्या गोळ्याही दाखवा. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने वायू होतो, लोहाच्या गोळ्यांनी मळ कोंडतो.

माझे अहवाल ठीक आले. मग आधी बद्धकोष्ठ हाती घेतलं, कारण मळ अडला की वायूही अडतो. रोज शौचाला होत असूनही ते अर्धवट राहू शकतं. इसबगोल अर्ध्या चमच्यापासून, भरपूर पाण्यातून सुरू केला आणि दर आठवड्याला थोडा वाढवला. पहिल्याच दिवशी दोन चमचे घेणाऱ्याचं पोट आणखी फुगतं. कमोडवर पायांखाली पाट ठेवला की गुडघे कमरेच्या वर येतात आणि कुंथावं लागत नाही.

एवढ्याने निम्मा त्रास गेला. उरलेल्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला लो-फॉडमॅप आहार घेतला. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या साखरा. त्या पाणी ओढतात, आणि मोठ्या आतड्यातले जंतू त्यांचा वायू करतात. तिथवर पोचायला काही तास लागतात, म्हणून रात्री फुगलेल्या पोटाचा दोष रात्रीच्या जेवणाला देणं बहुतेकदा चुकतं. दुपारचं ताट आठवून बघा.

आपल्या स्वयंपाकघरात ही यादी लावताना खरं काम असतं. भात, उकड्या तांदळाची पेज, तांदळाची भाकरी, घावणे, मासे चालतात. आंबोळीत उडीद असतो आणि तोही टाळायचा, हे पटकन लक्षात येत नाही. काजू आणि पिकलेला आंबा ही टाळायच्या यादीतली मोठी नावं, आणि वैशाखात दोन्ही हाताशी असतात. सगळ्यात अवघड कांदा-लसूण. त्यातल्या फ्रुक्टान साखरा पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून आमटीत अख्खी पाकळी टाकून नंतर काढली तरी उपयोग नाही, पण तेलात लसूण ठेचून मंद परतायचा, लालसर झाला की पाकळ्या काढून टाकायच्या आणि त्याच तेलात फोडणी करायची, हे चालतं. असं तेल त्याच वेळी वापरायचं, भरून ठेवायचं नाही. कांदा करपेपर्यंत भाजला तरी त्याचं वाटण त्रास देतंच. तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या आमटीला ओला नारळ, मिरची, धणे, आमसूल एवढं पुरतं, कांद्याची आठवणही येत नाही. सोलकढीत मात्र लसूण वाटून घालू नका.

कुळथाचं मी बारकाईने बघितलं, कारण तो आमच्याकडे जवळजवळ रोजचा. कडधान्यातल्या रॅफिनोज-गटाच्या साखरा पचवणारा पाचकरस माणसाच्या आतड्यात नसतो. त्या भिजवल्याने पाण्यात उतरतात आणि मोड आल्यावर आणखी कमी होतात. म्हणून रात्रभर भिजवलेलं, पाणी फेकून मोड आणलेलं, सोललेल्या वालाचं बिरडं त्या मानाने सोसतं. पिठी भाजलेल्या कुळथाच्या पिठाची, तिच्यात भिजवणं नाहीच, म्हणजे सगळ्या साखरा वाटीतच. आणि कुळथाचं कळण म्हणजे तर कुळीथ शिजताना ज्या पाण्यात त्या उतरल्या तेच पाणी. आजारी माणसाला हलकं म्हणून आपण तेच देतो.

ही बंदी चार आठवडे, फार तर सहा. कायमची केली तर आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाणंच तुटतं. नंतर एकेक पदार्थ परत आणायचा. साखरांच्या एका गटाचा एकच पदार्थ, तीन दिवस वाढत्या मापाने, मग तीन दिवस विश्रांती, बाकी सगळं जुन्यासारखंच. लसूण पाव पाकळी, अर्धी, एक. दूध पाव कप, अर्धा, एक. चपाती एक, दोन, तीन. एकाच दिवशी दूध आणि चपाती सुरू केलं तर आठवडा वाया जातो. मला दूध बिनत्रास पचलं, गहू दोन चपात्यांपर्यंत, लसूण एक पाकळी. कांदा मात्र एका मोठ्या चमच्यावर थांबला.

माप न वाढता गच्च वाटणाऱ्या दिवसांना आहाराने फारसा फरक पडला नाही. तिथे श्वास उपयोगी पडला. माप वाढणाऱ्या काही जणांनाही तो उपयोगी पडतो, कारण त्यांच्यात जेवणानंतर श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) खाली दाबलं जातं आणि पोटाचे स्नायू सैल पडतात, वायू नेहमीइतकाच असून पोट पुढे येतं. जेवणानंतर अर्ध्या तासाने आरामात टेकून, एक हात छातीवर, एक पोटावर. नाकाने चार मोजत श्वास घेताना पोटावरचा हात उचलायला हवा, छातीवरचा नाही, आणि सहा मोजत सोडायचा. दहा मिनिटं. पहिला आठवडा छातीच हलत राहते.

सोड्याने ढेकर येऊन बरं वाटतं, पण आम्लाशी गाठ पडून तो पोटात नवा वायूच तयार करतो, शिवाय त्यात सोडियम भरपूर. रक्तदाब असलेल्यांनी टाळावा. बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, डबीवरचं वाचून घ्यावं.

कुळथाची पिठी आता अर्धी वाटी, लसणाच्या तेलाची फोडणी देऊन, आठवड्यातून दोनदा, आणि ज्या दिवशी पिठी त्या दिवशी कांदा नाही. टेप अजून कपाटाच्या दाराला टांगलेली आहे, महिन्यातून एकदा काढते.