काफ्काचं डोकं फिरतं तेव्हा

कंपनीच्या कामाने जर्मनीत ड्रेस्डेनला गेलो होतो, मशीनच्या ट्रायल होत्या, आणि यावेळी बायकोनेही रजा टाकली, अट एकच की शनिवार-रविवार प्राग. ड्रेस्डेनहून ट्रेनने साधारण अडीच तास, त्यातला बराच रस्ता एल्बे नदीच्या अगदी काठाकाठाने, त्यामुळे खिडकीची सीट अजिबात सोडू नका.

बायको कॉलेजपासूनची काफ्कावाली, म्हणजे प्रागचा लेखक फ्रान्झ काफ्का. मी त्याचं वाचलेलं एकच, माणूस सकाळी उठतो तर किडा झालेला असतो ती गोष्ट, आणि मला त्यातलं काय लक्षात राहिलं तर गडी किडा झालाय तरी टेन्शन कसलं घेतोय, पहाटेची गाडी चुकली, आता साहेब काय म्हणेल! हे मी तिला कधीतरी बोललो होतो तर म्हणाली, मग तुला काफ्का कळला की.

तर प्रागमध्ये या काफ्काचं एक स्टीलचं डोकं आहे आणि ते फिरतं. म्हणजे आपल्याकडे डोकं फिरतं तसं नाही, खरोखर फिरतं. नारोदनी त्रीदा मेट्रो स्टेशनला उतरलं की एका शॉपिंग सेंटरच्या बाजूच्या चौकात. या भागाला नवं शहर म्हणतात, आणि हे 'नवं' म्हणजे 1348 सालचं, चौथ्या चार्ल्स राजाने वसवलेलं. पुण्यातल्या नव्या पेठेची आठवण झाली, जाऊ दे.

पोचलो तेव्हा डोकं बंद होतं. ते सतत फिरत नाही, मधे मधे थांबलेलं असतं, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. बंद असतानाही बघण्यासारखं आहे म्हणा, सुमारे 11 मीटर उंच, म्हणजे आपली तीन मजली बिल्डिंग, वजन 40 टनांच्या आसपास, आणि चकचकीत स्टेनलेस स्टीलचे 42 आडवे थर एकावर एक. पण मनात आलं की एवढंच असेल तर फोटो काढायचा आणि निघायचं. बायको म्हणाली थांब, मग कॉफी आणली आणि एका कट्ट्यावर बसलो.

आणि मग हनुवटी हलली. आधी खालचे चार-पाच थर, मग गाल, मग कपाळ, कुणी या बाजूला कुणी त्या बाजूला, नाकाच्या जागी कान आला, डोळा मागे गेला, आणि बघता बघता चेहराच राहिला नाही, नुसत्या चकत्या, आणि त्या चकत्यांत समोरच्या इमारती, आभाळ, कट्ट्यावर बसलेले आम्ही, सगळ्यांचे काप. मग एकदम सगळे थर जुळतात आणि तो भलतीकडेच बघत असतो! मघाशी आमच्याकडे बघत होता, आता रस्त्याकडे. जमलेले सगळे लोक आपली जागा सोडून त्याच्या तोंडासमोर पळत होते, आणि तिथे पोचेपर्यंत परत हनुवटी हलायची. आम्हीही दोनदा पळालो मग सोडून दिलं.

डेव्हिड चेर्नी नावाच्या चेक शिल्पकाराचं हे काम, 2014 सालचं. प्रत्येक थर स्वतंत्र फिरतो. लोक चेहरा बघत होते आणि मी दोन थरांमधली फट बघत होतो, बेअरिंग कसलं असेल, इतका अवजड थर कंट्रोलने बरोब्बर जागेवर थांबवणं सोपं नाही, आणि पावसात-बर्फात याला ग्रीस कोण भरतं.

हे बोललो तर बायको म्हणाली, अरे तुझ्याच लाइनचा होता की तो. मला माहीतच नव्हतं, काफ्का 1908 ते 1922 प्रागमध्येच कामगारांच्या अपघात विम्याच्या निमसरकारी ऑफिसात नोकरीला होता. कारखान्यांत जायचं, कुठलं मशीन किती धोक्याचं ते बघायचं, रिपोर्ट लिहायचे. लाकूड रंधायच्या मशीनवर त्याने 1910 मध्ये चित्रांसकट लिहून ठेवलंय, की चौकोनी शाफ्टमध्ये, म्हणजे पात्यांच्या फिरत्या दांड्यात, कामगारांची बोटं जातात, त्याऐवजी गोल शाफ्ट वापरा. आणि सोबत तुटक्या बोटांच्या हातांची चित्रं.

इथे मी जरा गप्प झालो. माझे बाबा भोसरीला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर होते, उजव्या हाताची दोन पेरं तिथेच गेली. विम्याच्या खिडकीसमोर त्यांच्याबरोबर रांगेत उभं राहिलेलं आठवतं, मी तेव्हा चौथीत असेन. खिडकीच्या आत बसलेला माणूस रात्री घरी जाऊन गोष्टी लिहीत असेल असं कशाला डोक्यात येतंय.

दुपारी ज्यूंच्या जुन्या वस्तीत, स्पॅनिश सिनेगॉग नावाच्या त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या शेजारी, काफ्काचा दुसरा पुतळाही पाहिला, यारोस्लाव रोनाचा, 2003 चा. रिकामा कोट-पँट चालतोय, त्याला डोकंही नाही आणि हातही नाहीत, आणि त्याच्या खांद्यावर छोटासा काफ्का बसलाय. बायकोला हा जास्त आवडला. मला डोकंच, म्हणून संध्याकाळी हट्टाने परत गेलो, दिवे लागल्यावर त्या स्टीलवर काय रंग येतात ते फोटोत येत नाही.

रात्री हॉटेलवरून बाबांना व्हिडिओ पाठवला. काफ्का-बिफ्का काही लिहिलं नाही. सकाळी उठून बघतो तर त्यांचा व्हॉइस मेसेज, "भारी आहे रे, पण हात जाऊ नये म्हणून गार्ड कुठे दिसत नाय त्याला?"