तडजोडीच्या पुरसिसमधला ‘कंपाउंड’

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ची, म्हणजे चेक बाउन्सची केस. तडजोडीची पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, माझ्याकडे तपासायला आली. मूळ इंग्रजी आणि बाहेरून करून आणलेलं मराठी भाषांतर. चेक तीन लाखांचा, निम्मे पैसे दिलेले, उरलेले दोन हप्त्यांत. तिसऱ्या परिच्छेदात मराठी वाक्य असं: ‘उभय पक्ष सदर अपराध अधिक गंभीर करण्याची परवानगी मागत आहेत.’ आरोपी सहीला तयार नव्हता. “पैसे भरायचे आणि वर गुन्हा वाढवून घ्यायचा?” त्याचं काय चुकलं?

मूळ क्रियापद ‘कंपाउंड’. लॅटिनमध्ये ‘कोम्’ म्हणजे एकत्र, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. जुन्या फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आलं तेव्हा शेवटचा ‘ड’ नव्हता, तो मागाहून चिकटला. औषधं मिसळून देणारा कंपाउंडर याच घराण्यातला. (घराभोवतीचं कंपाउंड मात्र परकं, बहुधा मलय ‘कांपुंग’वरून आलेलं.) देणं-घेणं जुळवून वाद मिटवणं हा कायद्यातला अर्थही यातूनच निघाला. पण जुन्या इंग्लिश कायद्यात पैसे घेऊन गंभीर गुन्ह्याची फिर्याद टाळणं हाच गुन्हा होता. ‘गुन्हा कंपाउंड केला’ या प्रयोगाचा अर्थ लोकांनी ‘आणखी बिघडवला’ असा घेतला, आणि तो गैरसमजच पुढे शब्दकोशात बसला. भाषांतरकाराने नेमका तोच उचलला.

अशा वेळी क्रियापदाचं कर्म बघायचं. व्याज असेल तर चक्रवाढ, औषध असेल तर मिसळणं, अडचण किंवा चूक असेल तर भर घालणं. अपराध असेल तर आपसात मिटवणं. कलम १४७ने या कायद्याखालचा प्रत्येक अपराध तसा मिटवता येतो. वाक्य झालं: ‘सदर अपराध आपसात मिटवण्याची परवानगी मिळावी.’

‘तक्रार मागे घेण्याची’ असं सुटसुटीत लिहा, अशी सूचना आली. ती घेतली नाही. तक्रार मागे घेणं वेगळं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्याला कलम २५७ होतं आणि तो एकट्या तक्रारदाराचा अर्ज असतो. इथे दोघांच्या सह्या आणि हप्त्यांच्या तारखा होत्या. परिच्छेद पुन्हा टाइप केला, दोन्ही पक्षांना वाचून दाखवला, मग सह्या झाल्या.