आईच्या लंडन प्रवासाचे तास

ताईचं बाळंतपण जवळ आलं तसं आईला जुलैत लंडनला पाठवायचं ठरलं. वेंगुर्ल्याहून मुंबईपलीकडे ती कधी गेली नव्हती. व्हिसा, विमा, कागदपत्रं वेळेत झाली. अडलं ते भलत्याच ठिकाणी. आईला दोन वेळा इन्सुलिन लागतं आणि डॉक्टरांनी विचारलं, "प्रवास नक्की किती तासांचा?"

तिकिटावर मुंबईहून दुपारी २, लंडनला संध्याकाळी ७. आई म्हणाली, "रे झिला, दुपारी सुटान सांजेकच पोचतलंय? मुंबैक जावक तर आक्खी रात लागता!"

अंतर काढणाऱ्या एका संकेतस्थळावर सुमारे ७,२०० किलोमीटर आणि आठ तास असं आलं. तेच मी डॉक्टरांना सांगणार होतो. पण ते निव्वळ भागाकाराचं उत्तर होतं: गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर भागिले ताशी ९०० किलोमीटर. विमान धावपट्टीपर्यंत रांगत जातं, चढायला आणि उतरायला वेळ घेतं, ठरलेल्या हवाई मार्गांनी वळसे घेत जातं. शिवाय पश्चिमेकडे जाताना वरच्या थरातला जोरदार वारा समोरून येतो. तिकिटावरच्या दोन्ही वेळा मात्र त्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे तिथले संध्याकाळचे ७ म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. प्रवास साडेनऊ तासांचा. इन्सुलिनच्या हिशोबात हा दीड तास थोडा नाही.

मग शाळेच्या वहीचं एक पान घेतलं आणि दोन रकाने आखले, 'हयचा' आणि 'थयचा'. डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी आईने हातातलं घड्याळ बदलायचंच नाही. रात्रीचा डोस आपल्या आठ वाजता, जेवण समोर आल्यावर. 'हयचा'खाली ८ लिहून मी त्याला लाल गोल केला. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट; विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ते गोठू शकतं.

पावसाळ्यात दरड कोसळली तर कोकण रेल्वेचा भरवसा नसतो, म्हणून दोन दिवस आधीच कुडाळहून निघून ठाण्याला मावशीकडे राहिलो. पाचशेच्या आतबाहेर किलोमीटरला रात्रभर गाडीत बसलेल्या आईला साडेनऊ तासांची भीती उरली नव्हती. रात्री पावणेबाराला तिचा फोन आला: विमान उतरलं, डोस आठला घेतला, जेवण बरं होतं. मी तोवर जागाच होतो.

परतीचं तिकीट नोव्हेंबरचं. लंडनहून रात्री ९, मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा. घड्याळांप्रमाणे साडेचौदा तास, त्यातून साडेचार वजा केले तर दहा तास! येताना वारा पाठीमागून असतो, म्हणजे वेळ कमी लागायला हवा. वाटलं, विमान कुठूनतरी लांबून येत असेल. तेच दहा तास वहीत लिहून ताईला पाठवले.

ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी सकाळी आईचा फोन. "अरे, हयल्या घड्याळांका काल एक तास मागे केल्यानी. तुझ्या कागदावर साडेचारच आसा मां?"

फरक आता साडेपाच झाला होता, आणि प्रवास नऊ तासांचा. मी वही काढेपर्यंत तिने तिच्याकडच्या पानावर आकडा खोडून नवा लिहिलाही होता, आणि डोसची वेळ ताईकडून तपासून घेतली होती.